पासंगाची गोळी

माझ्या भाऊजींना सगळा बाजार काटेमास्तर म्हणतो. त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही, आणि स्वतः शिकले तेही बेताचंच. पण दुकानदारांचे तराजू दुरुस्त करता करता समोरच्याला दोन गोष्टी शिकवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही, म्हणून मास्तर. दाराला कुलूप कसं लावावं इथपासून पोरीला नवरा कसा बघावा इथपर्यंत सगळ्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं, आणि ते मिळायला प्रश्न विचारावा लागतोच असंही नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. ती दोघं वरच्या मजल्यावर राहतात आणि मी खालच्या खोलीत एकटी, त्यामुळे त्यांचं शहाणपण जिन्यावरून घरंगळत आधी माझ्याच दारात येतं.

कामाला मात्र माणूस पक्का, हे मलाही मान्य करावं लागतं. चपलांच्या दुकानाला लागून, जिन्याखाली त्यांची चिंचोळी खोली आहे. भिंतीला तराजूच्या दांड्या टांगलेल्या, कोपऱ्यात पारड्यांची चळत, टेबलावर मखमलीच्या पेटीत पितळेची वजनं. दुसऱ्यांची वजनं या वजनांशी ताडून बघायची. आपली वजनं भाऊजी कधी हाताने उचलत नाहीत, चिमट्यानेच उचलतात. बोटांचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणे. एखाद्या गिऱ्हाइकाने चुकून बोट लावलंच तर ते वजन पुसतात, फुंकर मारतात आणि त्या माणसाकडे असं बघतात, की तो बिचारा पुन्हा खिशातून हात बाहेर काढत नाही.

त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. तराजूची दोन पारडी कधी अगदी सारखी नसतात. हलक्या बाजूला तारेचा तुकडा नाहीतर शिशाचा थेंब अडकवून दांडी सरळ करतात, त्याला पासंग म्हणतात. सरळ माणूस दांडी सरळ व्हावी म्हणून पासंग लावतो. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला तो लावतो तराजू आपल्याकडे झुकावा म्हणून. वर्षातून एकदा वजनमापांचा निरीक्षक शिक्का मारायला येतो, त्याच्या आदल्या दिवशी हा गडी पासंग काढून गल्ल्यात टाकतो, शिक्का मारून घेतो, आणि निरीक्षकाची पाठ वळली की पासंग पुन्हा जागच्या जागी. भाऊजींना त्याचा इतका तिटकारा की त्याच्याकडून ते काडेपेटीसुद्धा घेत नाहीत. "रोजचा चोर परवडला," ते म्हणतात, "हा तपासणीपुरता साव होतो."

तर या मास्तरांच्या हृदयाची झडप खराब निघाली. लहानपणी कसलासा ताप आला होता, त्याने ती खाल्ली होती, एवढंच कारण. ती काढून डॉक्टरांनी धातूची झडप बसवली. खोलीत कुणी बोलत नसलं आणि ते जवळ बसलेले असले, तर त्यांच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. ताई पहिल्या दिवशी घाबरली, मग तिला सवय झाली. आता ती टिकटिक ऐकू आल्याशिवाय तिला झोप लागत नाही.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातून सोडताना नीट समजावलं होतं. मी तिथेच होते. धातूला रक्त चिकटून गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज संध्याकाळी घ्यायची, जन्मभर. दर महिन्याला रक्त तपासायचं. त्यात एक आकडा येतो, तो ठरलेल्या हद्दीत हवा. खाली गेला तर गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, वर गेला तर रक्तस्राव. खाण्यात काय असेल ते असू द्या, पण रोज साधारण तेवढंच असू द्या, कारण हिरव्या पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं. "म्हणजे आमच्या काट्यासारखंच की," भाऊजी म्हणाले. बाई हसून हो म्हणाल्या. झालं. शिकलेल्या माणसाने हो म्हटलं की आमच्या मास्तरांना दुसरं काही ऐकू येत नाही.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की मांसमच्छी, अंडी, दूध, तूप यापुढे बंद. प्राणी खाऊनच हृदय बिघडतं, असं त्यांना सकाळच्या फिरायच्या मंडळींनी सांगितलं होतं. झडप बिघडवली तापाने, बोलणी बसली कोंबडीला. मी तसं म्हटलं तर म्हणाले, पोस्टीणबाई, तुम्ही तिकिटं चिकटवा. मी टपाल कार्यालयात पार्सलच्या खिडकीवर बसते, म्हणून मी त्यांची पोस्टीणबाई. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्यांची काही ना नव्हती. वनस्पतींवर राहणारी कितीतरी माणसं ही गोळी घेतात, त्या म्हणाल्या, फक्त एकदम बदल करू नका, आणि केलात तर मला सांगा, म्हणजे रक्त लवकर तपासून गोळीचं प्रमाण बसवता येईल.

पण थोडंथोडकं करणं हे भाऊजींच्या रक्तात नाही. सकाळी पालकाचा रस, दुपारी कोबीचा डोंगर, संध्याकाळी वाटीत जे असेल त्यावर कोथिंबिरीची अख्खी जुडी. ताई बिचारी दिवसभर पानं धूत बसे, आणि मोरीतलं पाणी हिरवं होऊन खाली माझ्या खिडकीशेजारच्या पन्हळीतून जाई. मी आपली दारं लावून अंडं तळायचे. तरी वास वर पोचायचाच, आणि मग जिन्यावरून प्रवचन सुरू व्हायचं. हा बदल डॉक्टरीणबाईंना कळवला का, असं मी विचारलं. सांगायचंय काय त्यात, ते म्हणाले, चांगलंच तर खातोय.

महिन्याच्या तपासणीत आकडा घसरलेला निघाला. बाईंनी गोळी वाढवली. ही बातमी फिरायच्या मंडळींत गेली तर तिथे एक निवृत्त विमा एजंट होता. ज्याला आयुष्यभर लोकांना मरणाची भीती घालायची सवय, तो कसला गप्प बसतो. त्याने सांगितलं, या गोळीवर हिरवं पान म्हणजे विष. कालपर्यंत ज्या मंडळींनी पालकाच्या रसाचे गोडवे गायले, त्यांनीच एका सुरात हो ला हो केलं. भाऊजींनी त्याच दिवशी घरातलं सगळं हिरवं बाहेर काढलं. ताईने कुंडीत लावलेला पुदिनासुद्धा उपटला. आता ते भात, बटाटे आणि पावावर राहू लागले, आणि गोळी मात्र वाढवलेलीच. मग काय व्हायचं ते झालं. दात घासताना हिरड्यांतून रक्त, दंडावर जांभळे डाग, आणि एकदा दाढी करताना एवढंसं कापलं तर टॉवेल भिजला. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी रागावल्या. त्यांनी परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. पालेभाजी विष नाही आणि अमृतही नाही, रोज एक वाटी खा, पण रोज एकच वाटी खा. गोळी किती ते मी ठरवणार, तुम्ही नाही. तिचा परिणाम आज घेतली आणि आज झाला असा नसतो, दोन-तीन दिवस मागे असतो, म्हणून आपल्या मनाने कमीजास्त करायची नाही. ताई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. भाऊजी छताकडे बघत होते. त्यांचा चेहरा पाहून मी ओळखलं की यांना काहीतरी सुचतंय, आणि त्यांना काही सुचलं की आमच्या घराचं काही खरं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून सोनारांचा छोटा काटा घरी आणला. काचेच्या पेटीतला, श्वास लागला तरी हलणारा. तो स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडला, आणि शेजारी दाढीचं पातं. त्यांचं गणित असं. एका पारड्यात हिरवी भाजी, दुसऱ्यात गोळी. आज भाजी जास्त खाल्ली तर गोळी जास्त, कमी खाल्ली तर गोळी कमी. दांडी सरळ राहिली की झालं. पालक किती, कोबी किती, त्यावर गोळीचा पाव तुकडा, अर्धा तुकडा, पाऊण. ते पात्याने गोळी कापत, तुकडे तोलत, आणि उरलेले तुकडे काचेच्या एका कुपीत टाकत, कारण चांगली वस्तू फेकायची नाही. ताईने भीत भीत विचारलं, की बाईंनी तर असं करू नका म्हटलंय. तर म्हणाले, "ती डॉक्टर आहे. तिला औषध कळतं, मला तोल कळतो."

मला या माणसाचा राग येतो तो इथेच. निव्वळ अडाणी माणूस घाबरून तरी सांगितलेलं करतो. यांना एक विद्या येते, मनापासून येते, आणि तेवढ्यावर जगातल्या सगळ्या विद्या आपल्या पासंगालाही पुरणार नाहीत असं यांना वाटतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर बैलाच्या जागी हृदय होतं. आणि ताईही तशीच. लग्न झाल्यापासून तिने त्यांचं एक वाक्य कधी खोडलं नाही. ते तोलत असताना ती शेजारी उभी राहून दिवा धरायची.

तपासणीचा दिवस जवळ आला तशी मला आणखी एक गंमत दिसली. आठवडाभर आधी तो काटा कपाटात गेला. भाऊजी अचानक गुणी बाळ झाले. रोज मोजून एक वाटी भाजी, रोज संध्याकाळी बाईंनी सांगितली तेवढी अख्खी गोळी, अगदी वेळेवर. आकडा बरोबर हद्दीत आला. बाई म्हणाल्या, शाब्बास, असंच चालू ठेवा. घरी आले ते हरभऱ्याच्या झाडावर चढूनच. आणि त्याच संध्याकाळी काटा पुन्हा ओट्यावर. पुढच्या महिन्यातही तसंच, त्याच्या पुढच्याही.

मला राहवलं नाही. जिन्यात गाठून मी म्हटलं, "भाऊजी, किराणावाला निरीक्षक यायच्या आधी पासंग काढतो, तसंच झालं की हे."

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. काही सांगायचं असलं तर ताईमार्फत निरोप, मी समोर उभी असले तरी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी भांडी घासताना जरा मोठ्यानेच म्हणत असे. ताईला मी स्पष्ट सांगितलं, की डॉक्टरीणबाईंना जाऊन सांग. ती म्हणाली, मी सांगितलं हे यांना कळलं तर फार लागेल ग. त्यांना लागेल म्हणून ही गप्प. गुठळी झाली तर काय लागेल, ते तिने मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं तर कानांवर हात ठेवले.

मग शिक्क्यांचा हंगाम आला. या दिवसांत बाजारातला प्रत्येक दुकानदार आपला काटा घेऊन भाऊजींच्या दारात उभा असतो, आणि ते सकाळी निघतात ते दिवे लागल्यावरच परततात. जेवायला फुरसत नाही. दुकानातच पाव, केळी, मूठभर शेंगदाणे. रात्री दमून आले की थोडा भात. पालेभाजीचं पान पोटात जात नव्हतं, आणि मास्तरांचं गणित तर सरळच होतं. या पारड्यात काही नाही, तर त्या पारड्यात कशाला काही? ते गोळीचा एखादा पाव तुकडा जिभेवर ठेवत, कधी तोही नाही. कुपी भरत चालली. तपासणीला अजून वेळ होता आणि ती जवळ आली की सगळं नीट करून घेऊ, असा हिशेब. भाजीशी झुंज देणं एवढंच गोळीचं काम, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. झडप त्यांच्या काट्यात कुठेच नव्हती.

आमच्या कार्यालयाचा पार्सलचा काटाही दरवर्षी त्यांच्याच हातून जातो. माझ्याशी अबोला असला तरी सरकारी काम, आले. खिडकीबाहेर रांग होती. भाऊजींनी मखमलीची पेटी उघडली आणि पितळेचं मोठं वजन उचललं, ते बोटांनी. चिमटा पेटीतच पडलेला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं. वजन काट्यावर ठेवलं, म्हणजे ठेवलं कसलं, हातातून सुटलं आणि काठावर आपटलं. मी ते उचलून मधोमध ठेवलं. आकडा उमटला, अगदी बरोबर, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

"काटा खोटा आहे," भाऊजी म्हणाले. जीभ जड झाल्यासारखे शब्द आले. "एका बाजूला कलतोय."

नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या तोंडावर आलं होतं. अबोल्याचा राग होताच. पण मी वर पाहिलं तर काटा कलला नव्हता, त्यांचं तोंड कललं होतं. उजवा कोपरा खाली ओघळला होता आणि उजवा हात टेबलावर नुसता पडला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. मी खिडकी बंद करून मदत मागायला बाहेर धावले. रांगेतल्या एकाने म्हटलं पाणी पाजा, दुसऱ्याने म्हटलं मुळीच पाजू नका, आणि तिसऱ्याने विचारलं की माझं पार्सल आज जाईल ना. आमच्या टपालाच्याच गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. टिकटिक चालू होती, आणि मी मनात त्यांना एवढ्या शिव्या घातल्या, जेवढ्या मला येतात असं मलाच ठाऊक नव्हतं. रडतही होते, ते वेगळं.

ते वाचले. झडपेवर रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे गेली होती. काही दिवसांनी बोलणं पुष्कळसं परतलं, उजवा हात मात्र परतला नाही. तो जागेवर होता, हलत होता, पण चिमटा धरण्याजोगा उरला नव्हता. मेंदूचा फोटो पुन्हा काढल्यावर डॉक्टरीणबाई गोळीचं ठरवायला खाटेपाशी आल्या. दवाखान्यात आणलं त्या दिवशीचा आकडा इतका खाली होता की त्यांचा विश्वास बसत नव्हता. गोळी किती घेत होतात, त्यांनी विचारलं.

"रोज. अख्खी," भाऊजी म्हणाले.

वाकड्या तोंडाने, निकामी हात चादरीवर ठेवून, तरीही. मी ताईकडे पाहिलं. ती पायाशी उभी राहून चादरीची सुरकुती सरळ करत होती.

बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, रोज अख्खी गोळी घेऊन रक्त इतकं घट्ट राहत असेल तर एवढ्याने यांना पुरत नाही असाच अर्थ होतो. वाढवावी लागेल, बरीच. त्यांनी खिशातलं पेन काढलं. मी पुढे होणारच होते. टॉवेल भिजला होता तो दिवस मला आठवत होता, आणि आता तर मेंदूला आधीच जखम होती. तिथे रक्त सुटलं असतं तर टॉवेल पुरला नसता. पण माझ्या आधी ताई हलली. पर्समधून तिने ती काचेची कुपी काढली आणि बाईंच्या हातात दिली. पाव तुकडे, अर्धे तुकडे, पाऊण तुकडे, बुचापर्यंत.

"खोटं बोलतायत ते," ताई म्हणाली. "न घेतलेल्या गोळ्या आहेत या. रोज तोलून घ्यायचे, आणि मी दिवा धरायचे."

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. बाईंनी कुपी उजेडात धरून पाहिली, उलटी केली, सरळ केली. ओरडतील असं मला वाटलं, आणि खरं तर त्यांनी ओरडावं असं वाटत होतं. पण त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि हळूच विचारलं, की भाजी खाल्ली नाही त्या दिवशी गोळी का नाही घेतलीत. भाऊजींनी डोळे न उघडता अडखळत आपलं गणित सांगितलं. दोन पारडी, सरळ दांडी.

"मास्तर, गोळी भाजीसाठी नाही, झडपेसाठी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही काही खाल्लं नाहीत, तरी झडप छातीत असतेच ना?"

त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. जन्मात पहिल्यांदा. मी इतकी वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा मला काडीचाही आनंद झाला नाही. बाईंनी पेन खिशात ठेवलं. गोळी वाढवली नाही, पूर्वीचीच सुरू केली, आणि ती ताईने आपल्या हाताने द्यायची असं ठरलं. रोज एक वाटी पालेभाजी, तीही चालू.

आता दुकान बंद असतं. किराणावाला खबर घ्यायला आला होता, फळं घेऊन. भाऊजींनी ती ठेवून घेतली, हेही पाहायची वेळ आली. सोनाराचा काटा ताईने कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला. भाजी ती आपल्या मुठीने घेते, तोलत नाही की मोजत नाही, लग्नापासून घेते तशीच, आणि ती शिजून एक वाटी होते. पुदिनाही परत लावलाय. माझ्याशी भाऊजींचा अबोला सुटला तो कसा ते सांगायचं तर तसा सुटलाच नाही. एकदा जिन्यात मी त्यांचा हात धरून त्यांना वर नेलं, तेव्हा म्हणाले, तुमच्या पार्सलच्या काट्याचा शिक्का राहिला, दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या. मी बरं म्हटलं.

घरी आल्यानंतरची पहिली तपासणी उद्यावर आली होती. मी वरच जेवायला होते. आदले दोन दिवस शेजारच्या बारशाचा की कशाचा, कसलातरी डबा आला होता, त्यात सगळी हिरवी भाजीच, आणि त्यांनी ती आवडीने जास्तच खाल्ली होती. ताईने बाईंना फोन करून तेही सांगून टाकलं होतं. ताईने पान वाढलं. भाऊजींनी पालकाच्या वाटीकडे पाहिलं आणि डाव्या हाताने ती जरा पुढे सरकवली.

"उद्या रक्त द्यायचंय," ते सावकाश म्हणाले. "आज एवढी नको."

ताईने वाटी उचलली, परत त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी गोळी ठेवली.

"का?" ती म्हणाली. "निरीक्षक येणारेत?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ताईच्या तोंडून असलं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि त्यांनीही. खोलीत फक्त ती टिकटिक ऐकू येत होती. मग भाऊजींनी डाव्या हातात चमचा घेतला आणि सगळी वाटी संपवली. थोडी सांडली, ती ताईने पुसली. गोळी घेतली, अख्खी.

दुसऱ्या दिवशी आकडा आला तो हद्दीच्या जरा खालीच, डब्यातल्या भाजीमुळे. बाईंनी गोळी किंचित बदलली आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. घरी येताना भाऊजींनी तो कागद मला वाचायला दिला, मी काही विचारलं नसताना.

"चांगला नाहीये," ते म्हणाले, "पण माझाच आहे."